परदेशात गेलेल्यांचा कॅन्सर उशिरा का सापडतो?

वाचकाचं पत्र: आम्ही नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून कॅनडात आलो, ब्रॅम्प्टनला राहतो. मी ४४ वर्षांची, नवरा ५१, मुलगी आठवीत. माझ्या मैत्रिणीला जुलैत स्तनात गाठ हाताला लागली. इथे आधी अपॉइंटमेंटची वाट, मग चाचण्यांची वाट, त्यापेक्षा दिवाळीत पुण्याला दोन दिवसांत सगळं उरकेल म्हणून ती थांबली. तिथे गाठ काढली, कॅन्सर निघाला, आणि आता इथल्या डॉक्टरांनी तिसरी स्टेज सांगितली आहे. एकीकडे वाचते की स्थलांतरितांना कॅन्सर कमी होतो, दुसरीकडे वाचते की त्यांचे निकाल वाईट येतात. खरं काय? मी नेमक्या कोणत्या तपासण्या करू? आम्हाला फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही, वॉक-इनला, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येतं त्या दवाखान्यात, जातो. नवऱ्याने मागवलेलं शौचाच्या तपासणीचं किट चार महिने ड्रॉवरमध्ये आहे. सासूबाई ६७ वर्षांच्या, धाराशिवला असतात, मिश्री लावतात. मे महिन्यात सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या जास्त मुदतीच्या व्हिसावर, येतील. दर वर्षी भारतात फुल बॉडी चेकअप करून घेतला तर भागेल का? — एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर:

तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, एवढंच. कॅन्सर किती जणांना होतो, त्याने किती जण दगावतात, आणि झालेला कॅन्सर कोणत्या स्टेजला सापडतो, हे तीन हिशेब वेगळे आहेत. बातमीत ते एकाच मथळ्याखाली येतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

पहिल्या हिशेबात स्थलांतरित बहुतेक वेळा उजवे ठरतात. कॅनडा माणसं निवडून घेतो. वय, शिक्षण, नोकरी यांना गुण असतात, वर व्हिसाआधी वैद्यकीय तपासणी होते. तिशीतला धडधाकट माणूस निवडून आणला, तर त्याची आकडेवारी चांगली दिसणारच. दुसऱ्या, म्हणजे मृत्यूंच्या हिशेबात आणखी एक भर पडते: काही जण आजार बळावल्यावर मायदेशी परततात. त्यांचा मृत्यू इथल्या नोंदीत येत नाही, पण नाव मात्र लोकसंख्येच्या वहीत जिवंत राहतं. त्यामुळे स्थलांतरितांचा मृत्यूदर प्रत्यक्षाहून थोडा कमी दिसतो. तेव्हा 'आपल्याला कॅन्सर कमी होतो' या वाक्यावर विसंबून राहू नका.

हा फायदा टिकाऊही नाही. १९६८मध्ये हेन्झेल आणि कुरिहारा या संशोधकांनी अमेरिकेत गेलेल्या जपानी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जठराचा कॅन्सर जपानमध्ये फार. तो धोका स्थलांतर केलेल्या पिढीबरोबर बऱ्याच अंशी गेला आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत उतरला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र स्थलांतर केलेल्या पिढीतच वाढला. म्हणजे लहानपणी लागलेल्या संसर्गाची बाकी माणूस सोबत घेऊन जातो आणि नव्या देशातल्या राहणीचा धोका तिथे गेल्यावर अंगाला लागतो. स्तनाच्या कॅन्सरचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या चिनी, जपानी आणि फिलिपिनो वंशाच्या स्त्रियांच्या १९९३च्या अभ्यासात, पाश्चात्त्य देशात दहा वर्षं किंवा जास्त काढलेल्या स्थलांतरित स्त्रियांचा धोका नुकत्याच आलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त होता. तुम्हाला नऊ वर्षं झाली आहेत.

आता तिसरा हिशेब, स्टेजचा. तुमच्या मैत्रिणीची गोष्ट इथे बसते. तुमच्या ऑन्टारियो प्रांताच्याच कॅन्सर नोंदींवरून २०१५मध्ये एक अभ्यास आला. त्यात दक्षिण आशियाई स्त्रियांचा स्तनाचा कॅन्सर पहिल्याऐवजी दुसऱ्या स्टेजला सापडण्याचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त निघालं. चिनी वंशाच्या स्त्रियांत चित्र उलट होतं, त्यांचा लवकर सापडत होता. दोघीही स्थलांतरित, दोघींनाही तोच दवाखाना आणि तेच ओहिप कार्ड, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड. त्यामुळे 'परके म्हणून मागे पडतो' एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, त्यातला एक आकडा लक्षात ठेवा. पहिल्या स्टेजला सापडलेल्या स्तनाच्या कॅन्सरने सात वर्षांत दगावण्याचा धोका गोऱ्या स्त्रियांत ३ टक्के होता, दक्षिण आशियाई स्त्रियांत १.७ टक्के. म्हणजे वेळेवर सापडला तर आपल्या बायकांचे निकाल चांगले आहेत. खोट रक्तात नाही आणि औषधांतही नाही. ती आहे गाठ हाताला लागल्यापासून सुई टोचली जाईपर्यंतच्या महिन्यांत, आणि तपासणीच्या बोलावण्याचं पत्र आल्यापासून तिला जाईपर्यंतच्या वर्षांत. दुखणं अंगावर काढायची आपली सवय आणि इथल्या व्यवस्थेतल्या फटी, दोन्ही मिळून हा वेळ खातात. पुढचं सगळं त्याविषयी आहे.

सगळ्यात आधी एक खुलासा, कारण बऱ्याच जणींची गल्लत इथेच होते. तपासणी दोन प्रकारची असते. काही त्रास नसताना ठरल्या वयाला केली जाते ती चाळणी. त्रास असताना केली जाते ती निदानाची तपासणी. दोन्हींचा मार्ग वेगळा आहे. नवीन गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं किंवा रक्त येणारं स्तनाग्र, यांपैकी काही असेल तर चाळणीच्या केंद्राला फोन करू नका. तिथे तुम्हाला घेणार नाहीत आणि दोन आठवडे फुकट जातील. वॉक-इन असो की कोणताही, डॉक्टरकडे जा आणि निदानाच्या मॅमोग्रामसोबत (स्तनाच्या एक्स-रेसोबत) सोनोग्राफीची चिठ्ठी मागा.

डॉक्टरसमोर दहा मिनिटं मिळतात, त्यात काय बोलायचं ते लिहून न्या. 'थोडं दुखतंय, बघा जरा' असं सुरू केलं की वेदनेच्या गोळ्या हातात पडतात. 'डाव्या स्तनात, घड्याळात दोन वाजतात त्या जागी, ३ जुलैपासून गाठ आहे, पाळीनंतरही गेली नाही, वाढते आहे' हे चार तुकडे सांगितले की डॉक्टरला चिठ्ठी लिहावीच लागते. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही म्हणजे काही नसेल' हा समज म्हणूनच महागात पडतो. निघण्यापूर्वी विचारा: चिठ्ठी कुठे पाठवली, फोन कधी येईल, दहा दिवसांत आला नाही तर कोणत्या नंबरवर करू? वॉक-इनमध्ये आज भेटलेला डॉक्टर पुढच्या वेळी असेलच असं नाही. त्याच्याकडे आलेला रिपोर्ट कोणी उघडला की नाही हे विचारणारं तुमच्याशिवाय कोणी नसतं. प्रत्येक रिपोर्टची प्रत मागा आणि एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा.

मैत्रिणीच्या बाबतीत चार महिन्यांचा उशीर झाला तो एक. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. भारतात लहान दवाखान्यात 'गाठ आहे ना, काढून टाकू' असं म्हणून ती आधी काढली जाते आणि नंतर तपासायला पाठवतात. हा क्रम उलटा आहे. आधी सोनोग्राफीच्या मदतीने जाड सुईने तुकडा घ्यायचा, कॅन्सर आहे का, असेल तर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तीन चाचण्यांत काय येतं ते बघायचं, आणि मग शस्त्रक्रिया आधी की केमो हे ठरवायचं. गाठ आधीच काढली की कडा नीट सुटल्या का, काखेतल्या गाठींचं काय, केमोने ती किती आकसली असती, हे सगळं अंधारात राहतं. मैत्रिणीने पुण्याहून रिपोर्टचा कागद आणला असेल, पण तेवढा पुरत नाही. पॅराफिनचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा), काचपट्ट्या, तीन चाचण्यांचा रिपोर्ट, शस्त्रक्रियेची टिपणं आणि स्कॅनची मूळ चित्रं असलेली सीडी, हे सगळं पॅथॉलॉजी लॅबकडून आणि दवाखान्याकडून लेखी अर्ज देऊन मागता येतं. ब्लॉक नसेल तर इथल्या डॉक्टरांना त्या चाचण्या पुन्हा करणं अवघड जातं. तिने अजून मागवला नसेल तर या आठवड्यात घरच्या कोणाला तरी लॅबमध्ये पाठवायला सांगा.

यापुढचे उपचार तिने इथेच, एकाच ठिकाणी पूर्ण करावेत असं आमचं मत आहे. ओहिप असेल तर शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि हॉस्पिटलात शिरेतून दिली जाणारी केमो यांचं बिल येत नाही. घरी घ्यायच्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. ६५च्या आतल्या माणसाला त्या नोकरीच्या विम्यातून किंवा उत्पन्नावर आधारलेल्या ट्रिलियम औषध योजनेतून मिळवाव्या लागतात. त्याचा अर्ज गोळ्या सुरू होण्याआधी करायचा. अर्धे उपचार इथे, अर्धे तिकडे, हा बेत ऐकायला सोयीचा वाटतो. पण दोन डॉक्टरांच्या योजनांमध्ये आठवडे वाया जातात आणि नेमका तोच वेळ जायला नको असतो.

आता तुमच्या स्वतःच्या तपासण्या.

स्तनासाठी ऑन्टारियोत ८ ऑक्टोबर २०२४पासून ४० ते ७४ वयाच्या स्त्रीला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट मॅमोग्रामची वेळ घेता येते. फॅमिली डॉक्टर नसणं ही यात अडचणच नाही, आणि हे फार जणींना माहीत नाही. ऑन्टारियो ब्रेस्ट स्क्रीनिंग प्रोग्रॅमच्या तुमच्या जवळच्या केंद्राला फोन करा. बोलावण्याच्या पत्राची वाट बघू नका. पत्र ओहिपच्या नोंदीतल्या पत्त्यावर जातं आणि भाड्याची घरं बदलत राहिलेल्या कुटुंबांची पत्रं जुन्या बेसमेंटच्या पत्त्यावर पडतात. पत्ता बदलला की ३० दिवसांत सर्व्हिसऑन्टारियोला कळवायचा असतो. शेवटचं घर बदललं तेव्हा कळवला होता का, ते आजच बघा.

मॅमोग्राम पाळीनंतरच्या आठवड्यात घ्या, तेव्हा दाबलं तरी कमी दुखतं. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका, त्यातले कण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. कुर्ता आणि सलवार असा दोन तुकड्यांचा पोशाख सोयीचा. भारतात पूर्वी कधी मॅमोग्राम झाला असेल तर त्याची सीडी न्या. पहिल्या तपासणीनंतर बायकांना पुन्हा बोलावण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण तुलनेला जुनं चित्रच नसतं. पुन्हा बोलावलं म्हणजे कॅन्सर असं नव्हे; बोलावलेल्यांपैकी बहुसंख्य जणींना काही निघत नाही. निकालाच्या पत्रात स्तनाच्या घनतेची नोंद असते. ती सर्वांत वरच्या गटात असेल तर दोन वर्षांऐवजी दर वर्षी बोलावतात.

'आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर दहा वर्षं आधी होतो' असं तुम्ही ऐकलं असेल. त्यात अर्धं सत्य आहे. भारतातल्या रुग्णांचं सरासरी वय कमी दिसतं याचं एक मोठं कारण म्हणजे भारताची लोकसंख्याच तरुण आहे. म्हणून तिशीत मॅमोग्राम करत सुटण्याची गरज नाही. मुख्य अपवाद असा. आई, बहीण किंवा मावशी यांच्यापैकी कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा, किंवा कोणत्याही वयात बीजाशयाचा कॅन्सर झाला असेल तर जास्त धोका असलेल्यांसाठी ३० ते ६९ वयात दर वर्षी मॅमोग्राम आणि एमआरआय अशी वेगळी सोय आहे. तिथे डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि धोका खरंच तेवढा आहे का हे आधी तपासतात. आपल्या घरांत हे माहीतच नसतं. आत्या 'पोटाच्या आजाराने' गेली, आजीला 'गाठ होती', एवढंच कळतं. या वेळी फोनवर आईला स्पष्ट विचारा: कोणाला, कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात.

गर्भाशयमुखासाठी ऑन्टारियोत ३ मार्च २०२५पासून पॅप स्मिअरऐवजी एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी होते. वय २५ ते ६९, निकाल चांगला आला तर पुढची पाच वर्षांनी. सर्वांत घातक असे १६ आणि १८ हे प्रकार सापडले तर थेट कॉल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघायच्या तपासणीला, पाठवतात. इतर घातक प्रकार सापडले तर त्याच नमुन्यातल्या पेशी तपासून पुढचं ठरतं. लग्न एकच, नवरा एकच, मग हे कशाला, असा प्रश्न मनात येईल. हा विषाणू वीस वर्षं गप्प बसू शकतो आणि तो कोणाकडून आला हे कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे चारित्र्याशी त्याचा काडीचा संबंध जोडू नका.

ही चाचणी किती खात्रीची, याचा फार मोठा पुरावा तुमच्या सासूबाईंच्या जिल्ह्यातून आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९पासून बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. २००९मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. धाराशिवच्या शेतकरी बायकांच्या जोरावर सिद्ध झालेली चाचणी आज ब्रॅम्प्टनला फुकट मिळते आणि आपल्याच बायका तिला जात नाहीत, हे आम्हाला खटकतं.

न जाण्याचं एक कारण संकोच. ऑन्टारियोतल्या अभ्यासांत दिसलं आहे की दक्षिण आशियाई स्त्रीचा डॉक्टर तिच्याच भागातला आणि पुरुष असेल तर ही चाचणी होण्याची शक्यता कमी होते. आपल्या भाषेत बोलणारे काका-डॉक्टर सर्दी-खोकल्याला उत्तम, पण त्यांच्यासमोर हा विषय निघत नाही. तुम्हीही काढत नाही, तेही काढत नाहीत. डॉक्टर बदलायची गरज नाही. फक्त या एका चाचणीसाठी स्त्री डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर मागा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या लैंगिक आरोग्य केंद्रांत आणि कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये त्या असतात. तपासणीला दोन मिनिटं लागतात. उपकरण लहान आकाराचं वापरा असं सांगता येतं आणि मध्येच थांबा म्हणण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

फॅमिली डॉक्टरसाठी हेल्थ केअर कनेक्टमध्ये, म्हणजे डॉक्टर मिळवून देणाऱ्या प्रांताच्या सेवेत, नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं, फक्त एकाचं नको.

नवऱ्याचं किट. चार महिने झाले आहेत, तेव्हा आधी नळीवर छापलेली मुदत बघा. संपली असेल तर ८११वर, म्हणजे हेल्थ८११ला, फोन करून दुसरं मागवा. फॅमिली डॉक्टर नसलेल्यांना ते तिथून मिळतं. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चाळणी करणारी ही चाचणी ५० ते ७४ वयाला दर दोन वर्षांनी असते. पथ्य नाही, गोळ्या थांबवायच्या नाहीत. शौच पाण्यात पडू देऊ नका. सोबतचा कागद भांड्यावर पसरा, काडी चार-पाच ठिकाणी फिरवून तिच्या खाचा भरा, नळीत घालून झाकण टक आवाज येईपर्यंत दाबा. नळीवर तारीख लिहा. तारीख नसलेली नळी लॅब टाकून देते, आणि किट वाया जाण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण उशीर: नमुना घेतला की दोन दिवसांत पोस्टात टाका, शुक्रवारी रात्री घेऊन सोमवारपर्यंत गाडीत ठेवू नका. किटवर ज्याचं नाव त्याचाच नमुना, घरात दोघांची किटं असतील तर अदलाबदल होते, सांभाळा.

चाचणीत रक्त सापडलं तर आठ आठवड्यांत कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, व्हायला हवी, एवढा या प्रांताचा दंडक आहे. मूळव्याध आहे म्हणून रक्त आलं असेल, असं परस्पर ठरवून ती टाळू नका. मूळव्याध असलेल्यालाही आतड्याचा कॅन्सर होतो. शौचातून डोळ्यांना दिसणारं रक्त जात असेल, किंवा नवऱ्याच्या आईवडिलांपैकी अथवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर हे किट त्यांच्यासाठी नाहीच. घरात असा रुग्ण असेल तर पन्नाशीला, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर असेल तेव्हा कोलोनोस्कोपी.

तिघा मोठ्यांसाठी एक रक्ततपासणी सांगतो, ती चाळणीच्या यादीत नसते. हिपॅटायटिस बी. भारतात बऱ्याच जणांना तो बाळपणी किंवा दवाखान्यातल्या सुयांतून लागला, त्रास काही होत नाही आणि पुढे यकृताचा कॅन्सर त्यातून उद्भवू शकतो. ज्या देशांत हा संसर्ग बऱ्यापैकी आहे तिथून आलेल्या प्रौढांत तो एकदा तपासावा अशी कॅनडातल्या तज्ज्ञांची शिफारस २०११पासून आहे, पण डॉक्टर आपणहून सांगेलच असं नाही. 'मी भारतात जन्मले, हिपॅटायटिस बीची तपासणी एकदा हवी' एवढं म्हणा. आयुष्यात एकदा पुरते. लागण नसेल आणि प्रतिकारशक्तीही नसेल तर लस.

आता तो फुल बॉडी चेकअप. सीए-१२५, सीईए वगैरे 'कॅन्सर मार्कर' असलेली पॅकेजं निरोगी माणसाच्या काही कामाची नाहीत. हे मार्कर पाळीत, गाठीगुठीत, सिगारेटने, सूज आली तरी वाढतात, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढतच नाहीत. म्हणजे नसलेल्याची भीती आणि असलेल्याचा खोटा दिलासा, दोन्ही विकत घ्यायचं. पोटाच्या सोनोग्राफीत आतड्याचा छोटा कोंब दिसत नाही. छातीच्या एक्स-रेत स्तन दिसत नाहीत. आणि त्या अहवालाची नोंद ऑन्टारियोच्या व्यवस्थेत जात नसल्याने पुढे त्याचा पाठपुरावा करणारं कोणी नसतं. भारतात गेल्यावर दात दाखवा, चष्मा करा, पण कॅन्सरची चाळणी जिथे राहता तिथेच करा.

सासूबाईंचा प्रश्न मात्र उलटा आहे. त्यांची तपासणी इकडे येण्यापूर्वी धाराशिवलाच झाली पाहिजे, कारण सुपर व्हिसावर ओहिप मिळत नाही. व्हिसासाठी किमान १ लाख डॉलरचा विमा लागतो, पण तो अपघात आणि अचानक उद्भवलेल्या आजारांसाठी असतो. आधीपासून असलेला आजार बहुतेक पॉलिसी वगळतात, किंवा ठरावीक मुदतीत, बहुधा ९० किंवा १८० दिवसांत, औषधात आणि लक्षणांत बदल नसेल तरच घेतात. आणि 'आधीपासून' म्हणजे निदान झालेलंच नव्हे. निघण्यापूर्वी तोंडात फोड होता आणि दाखवला नाही, तरी तो आधीचाच धरतात. प्रश्नावलीत मिश्रीचं विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलेली गोष्ट दावा करताना बाहेर येते आणि सगळी पॉलिसी जाते.

त्यांच्या बाबतीत आधी तोंड बघा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, 'दात घासायची पूड' म्हणून तिला सूट नाही. सोबत सुपारी असेल तर तीही मोजा; सुपारी एकटी, तंबाखूशिवाय, कॅन्सरकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं आहे. फोनवर व्हिडिओ लावून सांगा: कवळी असेल तर काढा, उजेडात या, ओठ उलटा करा, गाल बोटाने ताणा, जीभ बाहेर काढून दोन्ही बाजूंना वळवा. पुसून न जाणारा पांढरा पट्टा, मखमलीसारखा लाल डाग, तीन आठवड्यांत न भरलेला फोड, हिरडीवर मिश्री लावायच्या जागी जाड झालेलं कातडं, मानेत गाठ, हे बघायचं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात मावत नसतील तर जबडा आखडतोय. यातलं काहीही दिसलं तर बार्शी जवळच आहे, तिथे नेऊन तुकडा तपासून घ्यायचा, घरगुती मलम नको.

काही दिसलं नाही तरी तीन गोष्टी करा. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीवरच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासण्याची सरकारी सोय आहे. स्तनांची हाताने केलेली तपासणी कमी समजू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांवर केलेल्या वीस वर्षांच्या अभ्यासात, प्रशिक्षित कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. गर्भाशयमुखासाठी व्हिनेगर लावून बघायची चाचणी त्यांना सांगतील, पण ६७व्या वर्षी ती कामाची नाही, कारण पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो. त्यांना एचपीव्ही चाचणी द्या, खासगी लॅबमध्ये पैसे भरून का होईना. आणि पाळी जाऊन वर्षं झाल्यावर एकदाही रक्त दिसलं असेल तर ते त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नसेल, हे गृहीत धरून स्पष्ट विचारा. मुलापेक्षा सुनेने विचारलेलं बरं.

निघण्यापूर्वी त्यांचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड काढून ठेवा. इथे असताना काही निघालंच तर विम्याच्या वादात अडकून न राहता त्यांना परत नेऊन उपचार सुरू करणं हाच व्यवहार्य मार्ग असेल, आणि तेव्हा कार्डासाठी तहसीलच्या चकरा नकोत.

राहता राहिली मुलगी. एचपीव्हीची लस इथे सातवीत शाळेतच देतात. त्या वर्षी घरी आलेल्या संमतीपत्रावर सही झाली होती का, ते तिचं लसीकरणाचं पिवळं कार्ड उघडून बघा. 'एवढ्या लहान मुलीला असली लस कशाला' म्हणून बरेच आईबाप ते पत्र परत पाठवत नाहीत. राहिली असेल तर बारावी संपेपर्यंत ती फुकट मिळते. ब्रॅम्प्टन ज्यात येतं त्या पील विभागाच्या सार्वजनिक आरोग्य कार्यालयात फोन करून वेळ घ्या.